अंधार स्वस्त असतो

गेल्या नाताळात वसईला एका मित्राच्या घरी जेवणानंतर सगळ्यांनी मिळून 1951 सालचा 'स्क्रूज' हा कृष्णधवल इंग्रजी चित्रपट पाहायचा बेत ठरला आणि तो सुरू होण्याआधीच घरात दोन तट पडले. मित्राच्या मुलीने रंगीत केलेली प्रत शोधून काढली होती आणि ती पाहताच मित्राचे डोके फिरले. "हा सिनेमा आहे की बेकरीतला आयसिंगचा केक?" असे तो म्हणाला, त्यावर ती म्हणाली, "बाबा, मूळ प्रत कुठे पळून चाललीय का?" पुढची वीस मिनिटे जे काही बोलले गेले, ते थोड्याफार फरकाने 1987 साली अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढेही बोलले गेले होते. वुडी ॲलन, मिलोश फॉर्मन, सिडनी पोलाक अशी दिग्दर्शक मंडळी तेव्हा जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग चढवण्याविरुद्ध साक्ष द्यायला आली होती. एका बाजूने कलाकृतीच्या पावित्र्याची भाषा, दुसऱ्या बाजूने मालकी हक्काची आणि प्रेक्षकांच्या आवडीची भाषा, आणि दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष पडद्यावर काय दिसते याच्याशी फारसे कर्तव्य नाही. इतक्या वर्षांत संगणक कुठल्या कुठे पोहोचले, वाद मात्र तिथेच दळण दळत बसला आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कृष्णधवल चित्रपट रंगवणे हे पाप नाही आणि काही चित्रपटांच्या बाबतीत तर ते योग्यही ठरू शकते. पण हा विशिष्ट चित्रपट रंगवणे ही चूक आहे, आणि ती चूक का आहे याचे उत्तर दिग्दर्शकाच्या पावित्र्यात शोधून मिळणार नाही, ते चित्रपटातल्या उजेडात शोधावे लागेल. 'रंग भरावेत की भरू नयेत' हा सरसकट प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायला हवे ते असे की, या चित्रपटात काळोख नेमके कोणते काम करतो आणि रंग आल्यावर ते काम कोण करणार?

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटी कादंबरी, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री भेटलेल्या भुतांमुळे सुधारणाऱ्या स्क्रूज नावाच्या कंजुषाची गोष्ट, 19 डिसेंबर 1843 रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. तिच्यावर मूकपटांच्या काळापासून, अगदी 1901 पासून, चित्रपट निघत आले आहेत. त्यांतला ब्रायन डेस्मंड हर्स्ट यांनी दिग्दर्शित केलेला आणि ॲलिस्टेअर सिम यांनी स्क्रूजची भूमिका केलेला 1951 चा चित्रपट आजही सर्वांत जास्त नावाजला जातो. त्यात सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग आहे. चिक्कू सावकार स्क्रूज एका खाणावळीत एकटाच जेवत बसला आहे. तो वाढप्याकडे आणखी पाव मागतो. वाढपी सांगतो की, त्याचे अर्धा पेनी जास्त पडतील. स्क्रूज क्षणभर थांबतो आणि म्हणतो, पाव नको. हा प्रसंग मूळ पुस्तकात नाही. पण सिम यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसते, ते पाहण्यासारखे आहे: कंजूषपणाचा आनंद तिथे नसतो, भूक असते, आणि तिच्यावर मात केल्याचे एक उदास समाधान असते. हा माणूस इतरांना जितके देत नाही तितकेच स्वतःलाही देत नाही, हे पटकथाकार नोएल लँग्ली यांनी अर्ध्या पेनीत सांगून टाकले आहे.

पुस्तकात हीच गोष्ट डिकन्सने उजेडाच्या हिशेबात मांडली आहे. स्क्रूज रात्री आपल्या काळोख्या घराचा जिना चढतो तिथे एक वाक्य येते: अंधार स्वस्त असतो आणि स्क्रूजला तो आवडत असे. मला तर सगळ्या कथेची किल्ली या वाक्यात दिसते. कचेरीत स्क्रूजची शेगडी लहानशी आणि कारकून बॉब क्रॅचिटची इतकी लहान की, तिच्यात एकच कोळसा असावा असे वाटते. दारावरच्या कडीच्या जागी मेलेल्या भागीदाराचा, मार्लीचा, चेहरा दिसतो तेव्हा त्याभोवतीच्या मंद उजेडाला डिकन्स काळोख्या तळघरात नासत पडलेल्या शेवंडीची उपमा देतो. गतकाळाच्या नाताळाचे भूत येते, तर त्याच्या डोक्यातून प्रकाशाचा झोत निघत असतो. स्क्रूजला तो सोसवत नाही, आणि मेणबत्ती विझवायच्या टोपणासारखी टोपी तो त्या भुताच्या डोक्यावर सगळा जोर लावून दाबतो, पण खालून उजेड जमिनीवर पसरतच राहतो. गोष्ट पैशांची खरी, पण ती घडते दिव्यांत, शेगडीत आणि मेणबत्तीत. उजेडाला पैसे पडतात, म्हणून ज्याला पैसा सोडवत नाही तो अंधारात राहतो. अशी गोष्ट सांगायला काळ्या-पांढऱ्या छटांपलीकडे काही नसलेले माध्यम मिळाले, हा योगायोग असेल. पण छायाचित्रकार सी. एम. पेनिंग्टन-रिचर्ड्स यांनी त्या योगायोगाचे सोने केले आहे.

आता विरुद्ध बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत, त्यांच्याकडे वळतो. पहिला असा की, कृष्णधवल ही निवड नव्हतीच, ती गरज होती. 1951 मध्ये रंगीत चित्रपट निघत होते, 'द रेड शूज' ब्रिटनमध्येच तीन वर्षांपूर्वी झळाळत्या टेक्निकलरमध्ये निघाला होता. पण ते तंत्र महाग होते आणि लहान निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचे होते. मग परवडले असते तर हर्स्ट यांनी रंग वापरले नसते कशावरून? दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. खुद्द डिकन्सचे पुस्तक रंगीत होते! जॉन लीच यांची हाताने रंगवलेली चार चित्रे त्यात होती, पानांच्या कडा सोनेरी होत्या, आणि हा सगळा थाट लेखकाच्याच हट्टाने झाला होता. किंमत पाच शिलिंगच ठेवल्याने खर्चाचा मेळ बसेना आणि पहिल्या आवृत्तीतून हजार पौंड सुटतील असे धरून चाललेल्या डिकन्सच्या हाती सुमारे 230 पौंड आले. कंजूष माणसाची गोष्ट लिहिणारा लेखक रंगांच्या उधळपट्टीत बुडाला, हे स्क्रूजला कळते तर तो मनापासून हसला असता. शिवाय पुस्तकातल्या वाक्यांतही रंग आहेत: धुक्याची तपकिरी हवा, खिडक्यांतल्या मेणबत्त्यांचे तांबूस डाग, आणि तिसऱ्या प्रकरणातला तो नाताळचा बाजार, ज्यात तांबूस कांदे, संत्री आणि सफरचंदे यांचे वर्णन करताना लेखणी थांबायचे नाव घेत नाही. डिकन्स रंगहीन लेखक आहे असे जो म्हणेल, त्याने तो वाचलेला नाही.

हे सगळे मान्य करूनही मी जागचा हलत नाही, आणि त्याचे कारण याच बाजाराच्या वर्णनात आहे. डिकन्स रंग सगळीकडे सारखे सांडत नाही. वर्तमानकाळाचे भूत हिरवा झगा घालून येते, तेव्हा रंगांचा पूर येतो. त्याआधी आणि त्यानंतर, विशेषतः मृत्यूच्या प्रकरणात, तो हात आखडता घेतो. रंग केव्हा द्यायचा आणि केव्हा नाही, यावरच कथेचा परिणाम अवलंबून आहे. चित्रपट रंगवणारा संगणक हा हिशेब ठेवत नाही. तो पहिल्या चौकटीपासून प्रत्येक शालीला, प्रत्येक लाकडाला, प्रत्येक गालाला त्याचा त्याचा रंग देऊन मोकळा होतो. स्क्रूजच्या गारठलेल्या खोलीतही लाकूड उबदार तपकिरी होते आणि प्रेक्षकाला जी ऊब शेवटच्या दहा मिनिटांत मिळायची, ती त्याच्या पदरात आधीच पडते.

राहिला गरजेचा मुद्दा. गरजेपोटी पत्करलेली गोष्ट कलेची भाषा होऊ शकत नाही, असे मानायला काय आधार आहे? आपल्याकडच्या प्रभात कंपनीचाच इतिहास पाहावा. 1933 मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती तयार करून घेण्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीपर्यंत गेले. रंग भडक आणि बेभरवशाचे उतरले, आणि प्रभातला पुन्हा कृष्णधवलकडे वळावे लागले. म्हणजे ही अगदी सपशेल गरज. पण दुसऱ्याच वर्षी पुण्याच्या नव्या स्टुडिओतून 'अमृत मंथन' बाहेर पडला. त्यातल्या राजगुरूचा पडदाभर पसरलेला एकच डोळा आणि त्याच्याभोवतीचा काळोख ज्याने पाहिला आहे, त्याला कोणी सांगावे की, परवडले असते तर हे रंगीत झाले असते? कदाचित झालेही असते. पण जे झाले ते काळोखात विचार करून झाले आहे, आणि आज त्या डोळ्याला कोणता रंग द्यायचा हे ठरवणारा माणूस शांतारामांचे अपुरे राहिलेले काम पूर्ण करत नसून त्यांनी पूर्ण केलेल्या कामावर गिरवत असेल. अभंगाचे अक्षरबंधन कुठल्या सोयीतून आले असेल ते असो. म्हणून कोणी तुकोबांच्या ओळी 'आता मोकळ्या करून' छापत नाही. आणि गरज संपल्यावरही ही भाषा उरतेच. 2023 मध्ये 'श्यामची आई' नव्याने पडद्यावर आली, ती कृष्णधवल. आता रंग फुकट झाले आहेत, तरीही ते नाकारले गेले, यातून ती उणीव नसून निवड असू शकते एवढे तरी सिद्ध व्हावे.

याउलट 'मुघल-ए-आझम'चे उदाहरण माझ्या विरोधात जाते आणि ते मी टाळणार नाही. के. आसिफ यांना तो चित्रपट रंगीत हवा होता. शीशमहालातले गाणे आणि आणखी काही भाग त्यांनी रंगीत चित्रित केलेही, पण सगळा चित्रपट नव्याने काढणे जमले नाही. 2004 मध्ये तो पूर्ण रंगीत होऊन आला, तेव्हा दिग्दर्शकाची इच्छा निदान अर्धी तरी पुरी झाली असे म्हणता येते, आणि त्या निमित्ताने झिजत चाललेल्या मूळ चित्रफितीची दुरुस्ती झाली हा फायदा तर निर्विवाद आहे. 'हम दोनो' देव आनंद यांनी हयातीत स्वतःच 2011 मध्ये रंगीत करून आणला. या दोन्हींत कोणाला तरी विचारता आले, किंवा त्याची इच्छा कागदोपत्री आणि खुद्द पडद्यावर दिसत होती. 'स्क्रूज'ची रंगीत प्रत 1989 ची आहे. सिम 1976 मध्ये गेले होते, हर्स्ट 1986 मध्ये. विचारायचे कोणाला?

तंत्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण वादातला बहुतेक गोंधळ तिथे आहे. रंग चढवताना मूळ चित्रातला उजेड-काळोखाचा आराखडा साधारण तसाच ठेवतात आणि त्यावर रंगाचा पातळ थर पसरतात. म्हणून पुरस्कर्ते म्हणतात की, काही घालवलेच नाही, फक्त वाढवले. पण कृष्णधवल चित्रणात माणूस भिंतीपासून वेगळा दिसावा म्हणून त्याच्या मागून दिवा टाकतात, केसांच्या कडेला उजेडाची रेघ आणतात, सावली मुद्दाम गडद करतात. रंगीत चित्रणात हेच काम रंगांच्या फरकावर भागते, म्हणून तिथे दिवे वेगळे लावतात. एकासाठी लावलेल्या दिव्यांवर दुसऱ्याचा थर चढवला की, माणसे मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसू लागतात आणि त्यांच्या केसांभोवतीचे तेज उगाचच पडलेले वाटते. मायकेल हॉर्डर्न यांचा मार्ली आरपार दिसणारा, राखाडी, साखळ्यांनी जखडलेला आहे. बाकी खोली राखाडीच असल्याने तो त्या खोलीतूनच उगवल्यासारखा वाटतो, जणू स्क्रूजच्या घरातला काळोख घट्ट होऊन त्याचे भूत झाले आहे. खोली रंगीत केल्यावर भुताला कोणता रंग द्यायचा? दिला तर ते जिवंत वाटणार, न दिला तर ते दुसऱ्या चित्रपटातून आल्यासारखे वाटणार. आणि नाताळच्या सकाळी स्क्रूज जागा होतो, केस पिंजारलेले, डोळे ओले, घरकाम करणाऱ्या मिसेस डिल्बरसमोर तो डोक्यावर उभा राहतो, ती बाई किंचाळत जिन्यावरून पळते, तेव्हा त्या घरात पहिल्यांदाच भरपूर पांढरा उजेड असतो. तासभर ज्या डोळ्यांनी तो उजेड पाहिलेला नाही, त्यांनाच तो पांढरा दिसतो.

लँग्ली यांनी डिकन्सच्या गोष्टीत इतकी भर घातलेली चालते, मग रंगाची चालत नाही का, हा प्रश्न मित्राच्या मुलीनेही विचारला होता आणि तो मला त्या रात्रीचा सर्वांत हुशार प्रश्न वाटला. भर थोडीथोडकी नाही. पुस्तकात धाकटी असलेली बहीण फॅन इथे थोरली आहे; ती भाच्याला, फ्रेडला, जन्म देताना मरते, आणि 'माझ्या मुलाला सांभाळ' हे तिचे शेवटचे शब्द ऐकण्याआधीच स्क्रूज खोलीतून निघून गेलेला असतो. भुताबरोबर परत आल्यावर ते शब्द त्याच्या कानी पडतात. जॉर्किन नावाचा लबाड व्यापारी नव्याने येतो, स्क्रूजच्या तरुणपणीचा दयाळू मालक फेझिविग याचा धंदा बुडतो, आणि स्क्रूज कठोर कसा होत गेला याची एक पूर्ण कारणपरंपरा उभी राहते. मला यातला बराच भाग डिकन्सपेक्षाही सरस वाटतो. पण लँग्लींनी जे केले ते आपल्या नावाने, दुसऱ्या माध्यमात केले; पुस्तक कपाटात जसेच्या तसे राहिले आणि पडद्यावरच्या वस्तूला कोणी 'डिकन्सचे पुस्तक, आता सुधारलेले' म्हणून विकले नाही. रंगीत प्रत मात्र हर्स्ट यांच्याच नावाने, त्याच नामावलीसह, तोच चित्रपट म्हणून समोर येते. रूपांतर सांगून केलेले असते. रंगवणाऱ्याने आपले नाव दिग्दर्शकाच्या नावाइतक्या मोठ्या अक्षरांत लावले, तर माझ्या आक्षेपातला निम्मा जोर ओसरेल.

'मूळ प्रत कुठे पळून चाललीय का?' या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे. ती पळून जात नाही, ती मागे पडते. दूरचित्रवाणीवर आणि फुकट पाहायच्या ठिकाणी जे चटकन हाताला लागते, तेच पुढच्या पिढीच्या दृष्टीने मूळ होते. काळ्या पाषाणाच्या जुन्या मंदिरांना जीर्णोद्धाराच्या नावाने ऑइलपेंट फासलेला आपण गावोगाव पाहतो. दगड आत तसाच असतो, पण त्या गावात वाढलेल्या मुलाला मंदिराचा रंग विचारला तर तो आकाशी किंवा गुलाबी सांगतो. इथे कृष्णधवलच्या कैवाऱ्यांनीही फार ताठ होऊ नये, कारण चूक उलट दिशेनेही होते. ग्रीक शिल्पे मुळात रंगवलेली असत, पण युरोपाला ती शुभ्र आवडली, आणि 1937-38 मध्ये ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉनची शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासली गेली. रंग चढवणे असो की खरवडणे, आजच्या डोळ्याला जे बरे वाटते तेच मुळात असणार, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. मुले कृष्णधवल पाहत नाहीत, हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण मोठी माणसेही हल्ली पहिल्या पाच मिनिटांत उठतात. त्या रात्री शेवटी मूळ प्रत लावली. मित्राच्या आईने मधेच ट्यूबलाइट घालवायला सांगितली, कारण पडद्यावरच्या जिन्यात तिला काही दिसेना. मार्लीच्या साखळ्या वाजल्या तेव्हा मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

या चित्रपटाच्या काळोखाला आणखी एक कारण आहे आणि ते इतिहासाचे आहे. 1938 मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने याच कथेवर काढलेला चित्रपटही कृष्णधवलच, पण तो इतका गोडगोड आणि लखलखीत आहे की, त्याला कोणी वाटेल तो रंग दिला तरी माझी हरकत नाही. वर्तमानकाळाच्या भुताच्या झग्याखालून निघणारी 'अज्ञान' आणि 'दारिद्र्य' ही दोन खंगलेली मुले त्यातून वगळलीच आहेत. हर्स्ट यांनी ती ठेवली. गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारी वर्कहाउस बंद पडली की काय, हा स्क्रूजचा खवचट प्रश्न 1951 च्या ब्रिटिश प्रेक्षकाला पुस्तकी वाटला नसणार. जुना गरिबांचा कायदा रद्द झाल्याचे 1948 च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने जाहीर करून तीनच वर्षे झाली होती, आणि मांस अजून रेशनवर मिळत होते. क्रॅचिटच्या टेबलावरच्या लहानशा पक्ष्याकडे त्या प्रेक्षकाने कोणत्या नजरेने पाहिले असेल? न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलला मात्र हा चित्रपट नाताळसाठी फार उदास वाटला आणि तिथला खेळ रद्द झाला. उदासी हटवून नाताळ देण्याचा तो जुना आग्रहच रंगीत प्रतीतून पुन्हा डोके वर काढतो, असे मला वाटते.

मग बंदी घालावी का? मुळीच नाही. अमेरिकेने 1988 च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदणीतल्या चित्रपटांपुरती, बदल केला असेल तर तशी पट्टी दाखवण्याची सक्ती केली होती, आणि फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये जॉन ह्यूस्टन यांच्या 'द अस्फाल्ट जंगल'ची रंगीत प्रत दाखवण्याविरुद्ध त्यांच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम कर्त्याला कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागू देते, पण चित्रपटाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो. दिवे लावणाऱ्या छायाचित्रकाराला तिथे जागाच नाही. मला फ्रान्सइतके टोक नको. रंगीत प्रत निघावी, तिच्यावर रंगवणाऱ्याचे नाव आणि साल असावे, आणि ती जिथे मिळते तिथेच, तितक्याच सहज, मूळ प्रत मिळावी.

या दोन प्रती शेजारी ठेवून पाहणाऱ्याने शेवटचा एक प्रसंग जरूर पाहावा. सुधारलेला स्क्रूज भाच्याच्या घरी येतो. मोलकरीण दार उघडते, त्याची हॅट घेते. आतल्या खोलीत 'बार्बरा ॲलन' हे जुने लोकगीत चालले आहे आणि त्या दारापाशी म्हातारा अडतो, आत जायची त्याची छाती होत नाही. तो मागे वळून त्या मुलीकडे पाहतो. ती काहीच बोलत नाही, हलकेच हसून मान डोलावते, जा म्हणते. त्या वेळी चौकटीत बघण्यासारखे दोन चेहरेच असतात.